नुसत्या कर्कश गोंगाटाला ठेका कधी आणि कसा मिळाला? 'पॉवर नॉइझ' म्हणतात ते हेच का?

हो, तेच, 'रिदमिक नॉइझ' असंही म्हणतात. पण नाव आलं १९९७ च्या सुमारास, आणि संगीत त्याच्या बरंच आधीचं.

लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने १९७६ मध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही रेकॉर्ड कंपनी काढली, तिथून अशा संगीतासाठी इंडस्ट्रियल हा शब्द रुळला. मात्र त्यांच्या आवाजात ठेका असेलच असं नव्हतं. माझ्या मते खरं मूळ माद्रिदमध्ये आहे: १९८० मध्ये सुरू झालेला एस्प्लेंदोर जिओमेत्रिको हा बँड. एकच खडबडीत ठेका, तोही यंत्रमागासारखा न थांबणारा, आणि वर बेभान ओरडणं. सुरावटीचा पत्ताच नाही! त्यांचं नावसुद्धा यंत्रांचे गोडवे गाणाऱ्या इटालियन फ्युचरिस्ट (भविष्यवादी) लेखक मारिनेत्तीच्या लेखनातून आलं आहे.

नव्वदच्या दशकात हे लोण जर्मनीत पोचलं. तिथे टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतामुळे ड्रम मशीन नि चार मात्रांचा सरळ ठेका सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. युक्ती सोपी: किक ड्रमचा, म्हणजे खालच्या जड ठोक्याचा, आवाज इतका वाढवायचा की ध्वनिलाटेचे माथे कापले जातात. मग त्या एका ठोक्यातूनच खरखर, गुरगुर आणि एक प्रकारचा सूरही निघतो, वेगळ्या बेसची गरज उरत नाही. आंट-झेन आणि हँड्स या जर्मन रेकॉर्ड कंपन्यांनी असे कलाकार गोळा केले. १९९९ पासून माशिनेनफेस्ट हा महोत्सवही भरू लागला.

ऐकायला सुरुवात करायची तर बेल्जियमच्या इमिनंट स्टार्वेशनचा 'नॉर्ड' हा अल्बम घ्या. हेडफोनचा आवाज आधी कमी करा, हे गमतीने सांगत नाही.