जमला की हिशोब, अडलं की गणित

‘मॅडम, आमच्या घरात गणिताचं डोकंच नाही कुणाला.’ हे वाक्य ऐकता ऐकता माझे केस पिकले. शाळकरी मुलं म्हणतात, मोठे अधिकारीही म्हणतात, आणि वर हसतात. ‘मला वाचता येत नाही’ असं मात्र कुणी हसत सांगत नाही.

अशाच एक आई आल्या. (तपशील बदलले आहेत.) मुलीने गणिताची वही उघडली की यांच्याच पोटात गोळा यायचा. पिशवीतून लोकर आणि सुया डोकावत होत्या.

“टाके किती घातलेत?”

“२००. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ बसले, घेर ९०चा. १९८ होतात, पण नक्षी आठ टाक्यांची, म्हणून २०० धरले.”

“हे गणितच की!”

“छे, हा हिशोब. गणित म्हणजे सिनेमात काचेवर भराभर लिहितात ना, ते.”

पूर्वी मी इथे वाद घातला असता. आता नुसते दोन रकाने आखून दिले: ‘मला येतं’ आणि ‘गणित’. डावा रकाना भरत गेला. उजवीकडे शाळेतली बीजगणिताची एक फजिती, बस्स. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जे जमतं ते मी गणितात धरतच नाही!”

हे त्यांच्या तोंडून आलं, याचा मला आजही आनंद आहे. त्रास गणिताचा नव्हताच, त्यांनी केलेल्या व्याख्येचा होता. या व्याख्येने कुणीही नापासच होणार.

राहिला सिनेमातला वेग. २०१४ साली फील्ड्स पदक (गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान) मिळवणारी पहिली स्त्री, गणितज्ञ मरियम मिर्झाखानी, स्वतःला संथ म्हणवायची. फर्माचं शेवटचं प्रमेय हे गणितातलं जुनं, न सुटलेलं कोडं; त्यावर गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स सुमारे सात वर्षं झटले. १९९३मध्ये सिद्धता जाहीर केली, तर तिच्यात खोट निघाली. ती भरून काढायला आणखी वर्षभर गेलं. पडद्यावर याची दोन मिनिटं होतात, त्याला इलाज नाही. पण आपल्या मुलांना ती दोन मिनिटं मोजपट्टी म्हणून देऊ नका. घड्याळ बाजूला ठेवा. ‘मलाही यायचं नाही’ हा दिलासा तर मुळीच नको, त्यापेक्षा ‘मलाही अजून सुटलं नाही, बघू’ म्हणा.

शेवटच्या भेटीत त्या सांगत होत्या, “एक उदाहरण दोन संध्याकाळी पुरलं. उत्तर चुकलंच. मग उसवत उसवत मागे गेलो. तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलं होतं.”