'तीन महिन्यांत गूगलचं पहिलं पान' अशी हमी देणाऱ्या एजन्सीला होमस्टेच्या वेबसाइटचं काम द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणजवळ देवबागला तुमचं होमस्टे आहे, वेबसाइट काढून दोन वर्षं झाली, पण गूगलवर ती सापडत नाही. आता एक एजन्सी महिना 12,000 रुपये घेऊन 'तीन महिन्यांत पहिलं पान, हमखास' म्हणतेय, शिवाय दरमहा 300 बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि 30 ब्लॉग. काम द्यावं का?

नका देऊ. लहान व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यामुळे असले प्रस्ताव घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या प्रस्तावातल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे हमी, विकतच्या लिंक आणि घाऊक ब्लॉग, एकाच वेळी दिसल्या की बाकीचं पत्रक वाचायचीही गरज उरत नाही.

आधी हमीचं बघू. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. मग या मंडळींची हमी खरी कशी ठरते? तुमच्या होमस्टेच्या नावाने शोधून दाखवतात. त्या नावाचं दुसरं काही जगात नसतंच, मग तुम्हीच वर येणार. किंवा असे सहा-सात शब्दांचे लांबलचक शोध निवडतात की जे कोणी टाईपच करत नाही. किंवा तुमच्या पैशातून गूगलची जाहिरात लावतात आणि 'प्रायोजित' लिहिलेली ती ओळ दाखवून 'बघा, सगळ्यात वर' म्हणतात. जाहिरात करण्यात वाईट काहीच नाही, पण पैसे थांबले की ती त्याच दिवशी उतरते. 'आम्ही गूगल पार्टनर आहोत' असंही सांगितलं जाईल. तो बिल्ला जाहिरातींच्या कामाचा असतो, शोधातल्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

आता त्या 300 लिंक. दुसऱ्या साइटने तुमच्याकडे लिंक दिली की गूगल ती शिफारस समजतं. 1998 मध्ये गूगल सुरू झालं तेच या कल्पनेवर. म्हणून शिफारशी विकत घ्यायचा बाजार उभा राहिला. त्या बाजाराचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीचं. 2010 च्या नाताळाच्या खरेदीत कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, हीच कंपनी वर. न्यूयॉर्क टाइम्सने खोलात जाऊन पाहिलं तर काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो साइट्सवर या कंपनीच्या हजारो लिंक पेरलेल्या होत्या. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने कारवाई केली. एका नामांकित ब्रँडच्या प्रवासी बॅगांच्या शोधात ही कंपनी संध्याकाळी सातला पहिली होती, दोन तासांनी 71 वी. कंपनीने आपल्या एसईओवाल्यांना, म्हणजे साइट शोधात वर आणायचं काम करणाऱ्यांना, काढून टाकलं. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं तिचं म्हणणं होतं. कारवाई होते ती साइटवर, लिंक कोणी लावल्या याने तिथे फरक पडत नाही.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2012 मध्ये, गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि असल्या लिंकांवर जगणाऱ्या असंख्य साइट्स खाली गेल्या. 2016 पासून बहुतेक वेळा अशा लिंक नुसत्या मोजणीतून वगळल्या जातात. म्हणजे तुमच्या बाबतीत सगळ्यात शक्य काय, तर दरमहा 12,000 रुपये जातील आणि घडणार काहीच नाही. प्रकरण हाताबाहेर असेल तर माणसाकडून तपासून शिक्षाही होते. ती सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनात, 'मॅन्युअल ॲक्शन्स'खाली दिसते, आणि निस्तरायला महिने जातात.

तीस ब्लॉगांचंही तेच. महिन्याला तीस लेख कोणी देवबागला येऊन, खाडीत होडीने फिरून लिहिणार नाही. यंत्राकडून काढलेले 'कोकणातले दहा सुंदर समुद्रकिनारे' छापाचे लेख असतील. मार्च 2024 मध्ये गूगलने नियम स्पष्ट केला: क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक भावाने पानं पाडणं म्हणजे स्पॅम, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने. याचाच भाऊबंद म्हणजे 'मालवण होमस्टे', 'वेंगुर्ला होमस्टे', 'कुडाळ होमस्टे' अशी गावाचं नाव बदलून केलेली एकसारखी चाळीस पानं. फक्त शोधयंत्रासाठी केलेल्या अशा फसव्या प्रवेशपानांपायी 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने काही दिवस काढून टाकली होती.

बरं, मग साइट दिसत का नाही? यावर माझा अनुभव असा की दोन वर्षं 'कुठेच नाही' म्हणणाऱ्या साइटचं दुखणं बहुतेक वेळा लिंकांचं नसतंच. गूगलला ती साइट वाचताच येत नसते. आज रात्रीच एक करा. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट' (site) लिहा, पुढे कोलन आणि जागा न सोडता तुमचा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. तुमची जेवढी पानं गूगलकडे आहेत ती साधारण समोर येतील.

एकही पान आलं नाही आणि साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) केलेली असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. खाली एक चौकट आहे: शोधयंत्रांना ही साइट घेऊ नका असं सांगण्याची. साइट बनत असताना डेव्हलपर ती टिक करतो आणि सुपूर्द करताना काढायला विसरतो. त्या एका टिकेपायी वर्षानुवर्षं अंधारात राहिलेल्या साइट्स मी पाहिल्यात, आणि त्यांचे मालक बॅकलिंकांचे पैसे भरत होते. जीव तळमळतो असं बघितलं की.

पानं आली, पण जपानी अक्षरांत, घड्याळं नि बुटांची, तर साइट हॅक झाली आहे. फुकटात मिळालेली चोरीची थीम (साइटचं तयार रूप) किंवा प्लगिन (जोडसॉफ्टवेअर) घातलं की हे बरेचदा होतं. मालकाला स्वतःच्या साइटवर काहीच दिसत नाही, सगळं जागच्या जागी असतं. घाण फक्त गूगलला दाखवली जाते. आधी ते साफ करा, बाकी सगळं नंतर.

पानं तुमचीच आली, पण त्यांत मजकूर नाही, असंही होतं. कोकणातल्या साइट्सवर हा प्रकार फार. दरपत्रक, जेवणाचा मेनू, नियम, सगळं डीटीपीवाल्याकडून बनवून घेतलेलं चित्र. माणसाला सुंदर दिसतं, पण चित्रातला मजकूर वेबपानावरच्या मजकुरासारखा वाचला जाईल या भरवशावर राहू नये. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला असेल तर त्याहून वाईट: तिथे गूगलच्या हाती मराठी लागतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी लागते. तपासायला सोपं आहे. पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तिथे मराठी नीट उमटली तर ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे वाचता येणारं मराठी, आहे. कॉपीच झाली नाही तर ते चित्र आहे.

यानंतर मालकीचं बघा, आणि हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. डोमेन कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर घेतलाय? होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या जागेचा, पासवर्ड कोणाकडे? सर्च कन्सोल आणि गूगल नकाशावरच्या नोंदीचा मालक कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर 'ज्याने साइट केली तो' असं येतं. त्याच्याशी बिनसलं, त्याने धंदा बंद केला, किंवा नूतनीकरण विसरला, तर तुमचं नाव, पत्ता, मिळवलेली पत, सगळं एका दिवसात जातं. सगळी खाती तुमच्या ईमेलवर घ्या आणि एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्या. प्रामाणिक एजन्सी याला कधीच नाही म्हणत नाही.

आता लिहायचं काय. तुम्हाला कीवर्डच्या, म्हणजे लोक शोधात टाकतात त्या शब्दांच्या, याद्या नकोत, तुमच्याकडे त्याहून चांगली यादी आहे: पाहुणे फोनवर जे विचारतात ते. कुडाळ स्टेशनला पहाटे उतरलो तर रिक्षा मिळेल का, किती घेतील? जूनमध्ये स्कूबा चालू असतं का? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसात बंद असतात ना? आजोबांना वाळूतून किती चालावं लागेल? आम्ही जैन आहोत, कांदा-लसणाशिवाय मिळेल? मिनीबस दारापर्यंत येते का? वीज गेली तर? गणपतीत आलो तर मासे मिळतील का, की विसर्जन होईपर्यंत घरात शिजत नाहीत?

यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर तुम्ही फोनवर जसं देता तसंच लिहा, तुमच्या दरांसकट, तुमच्या आंगणाच्या फोटोसकट. 'निसर्गरम्य परिसर, घरगुती वातावरण, माफक दर' ही ओळ कोकणातल्या प्रत्येक साइटवर आहे आणि ती कोणी शोधत नाही. पण गणपतीतल्या माशांचं खरं उत्तर कुठल्याही यंत्राला किंवा पुण्यात बसलेल्या ब्लॉगलेखकाला तुमच्या घराबद्दल देता येणार नाही. तुमची साइट वर यायला काही कारण असेल तर ते हेच. आणि उत्तर 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. स्कूबा बंद असताना आलेला पाहुणा परीक्षणात काय लिहून जातो ते तुम्हाला ठाऊक असेलच.

एक बारकावा. तुम्ही देवबागला आहात, पण मुंबई-पुण्याचा माणूस 'तारकर्ली' टाईप करतो. म्हणून देवबाग तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, हे पानाच्या सुरुवातीलाच सरळ सांगा. दर वाक्यात 'तारकर्ली होमस्टे, तारकर्ली होमस्टे' कोंबू नका. पानाच्या कोडमध्ये दडवलेली कीवर्डची यादी क्रमवारीत धरत नाही, हे तर गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. तरी त्याचे पैसे अजून लावले जातात.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या पत्त्यांवर, माणसाने लिहिलेली. भाषा बदलायचं जे बटण साइटवर लावतात ते वाचणाऱ्याच्या स्क्रीनपुरतं भाषांतर करतं, त्यातून गूगलसाठी नवं पान तयार होत नाही. देवनागरीत वेबपत्ता चालतो, क्रमांकाला त्याने धक्का लागत नाही. पण कॉपी करून पाठवला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या 'तारकर्ली'ची 72. लोकांना ती लिंक व्हायरसची वाटते. वेबपत्ता रोमनमध्ये ठेवा आणि मजकूर मराठीत.

तुमच्या धंद्यात गूगल नकाशावरची नोंद वेबसाइटइतकीच, किंबहुना जास्त, ग्राहक आणते. पिन जातीने तपासा. ती जरा सरकून कर्लीच्या पलीकडे भोगव्याला पडली तर पाहुणा समोरच्या तीरावर उभा राहून फोन करेल आणि रस्त्याने त्याला मोठा वळसा पडेल. नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा. पुढे 'बेस्ट सी फेसिंग एसी होमस्टे' जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते. विकतची परीक्षणं तर अजिबात नकोत. निघताना पाहुण्याला नम्रपणे सांगा, लिहितात लोक. गूगलच्या त्या नोंदीतून बनवलेली फुकट वेबसाइट हीच तुमची साइट असेल, तर त्या सगळ्या साइट्स गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्यात, आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

बाकी किरकोळ. फोनमधले पाच-पाच एमबीचे फोटो लहान करून टाका; मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष आहे. पानांचे पत्ते बदललेत तर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे 301, लावून घ्या आणि किमान वर्षभर तरी काढू नका.

एजन्सी मुळीच नको असं मी म्हणत नाही. चांगला माणूस भेटला तर सुरुवातीची तपासणी त्याच्याकडून करून घ्या, एकरकमी पैसे ठरवून. त्याला विचारा: साइटवर नेमकं काय बदलणार, लिंक कुठून आणणार, आणि प्रगती कशावर मोजणार? उत्तर 'सर्च कन्सोलमध्ये दिसणारे क्लिक आणि तुम्हाला आलेले फोन' असं आलं तर पुढे बोला. स्वतःच्या फोनवर शोधून दाखवत असेल तर उठा.

फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलचे लोकच सांगतात. आत्ता जून लागलाय, पावसात खोल्या तशाही रिकाम्या असतील. आठवड्याला एक प्रश्न निवडून पान लिहिलंत तर दिवाळीच्या गर्दीआधी पंधरा-सोळा पानं उभी राहतील. वर सांगितलेल्या 'साइट' आणि कोलनच्या शोधात काय आलं ते इथे खाली कळवा, तुमच्या साइटची भानगड यातली कुठली ते बघून सांगतो.