प्राइडसाठी पहिल्यांदा काय विणावं, आणि नोकरी सांभाळून विणायचं कधी?

तुम्ही लिहिलंय की विणायला नुकतंच शिकलोय, सुलट टाका जमतो, उलट अजून अडतो, आणि यंदा मित्रासोबत पहिल्यांदाच प्राइडला, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या अभिमान मोर्चाला, जाणार आहे तर प्राइडच्या इंद्रधनुषी झेंड्यातल्या सहा रंगांचं काहीतरी स्वतःच्या हाताने करून न्यायचंय, मफलर करू का? आणि पुढे विचारलंय की नोकरी करणारा माणूस हे सगळं करतो कधी. दोन्हीचं सांगतो, थोडं लांबेल, कारण माझ्याकडे या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्यात की एक ओढली की दुसरी येतेच.

मफलर नका करू. पहिल्यांदा तर नकोच. मनगटाला बांधायची पट्टी करा.

एकतर हवा बघा. पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा २०११ च्या डिसेंबरमध्ये निघाली, समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या समपथिक ट्रस्टने काढली होती, तेव्हा लोकर चालली असती. पण नंतर ती उन्हाळ्याच्या शेवटाला आली, २०१८ ला तर जूनच्या सुरुवातीला होती, आणि संभाजी बागेपासून गुडलक चौकातून एफसी रोडने चालताना गळ्यात अ‍ॅक्रिलिकचं काही असेल तर दहा मिनिटांत मान चावायला लागते. मुंबईचा जानेवारी-फेब्रुवारीत असतो पण मुंबईला कसली थंडी. म्हणून लोकर घेऊच नका, सुती दोरा घ्या, क्रोशाच्या दोऱ्यापेक्षा जाड, चार प्लायच्या, म्हणजे चार पदरी लोकरीएवढा. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. लाल दोऱ्याचा तुकडा आधी पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर भिजत ठेवा, रंग सोडत असेल तर तो दोरा बदला, नाहीतर घामाने पिवळ्याची पार वाट लागते.

आता कृती. दहा नंबरच्या सुया. लक्षात ठेवा आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ऑनलाइन मागवताना मिलिमीटरच बघा. लाल दोऱ्याने ४० टाके घाला, लांब शेपूट सोडून दुहेरी दोऱ्याने घालतात तसे. दोन ओळी सुलट. मग केशरी, दोन ओळी सुलट. असं करत जांभळ्यापर्यंत या. उलट टाका कुठेच लागत नाही. जांभळ्याची पहिली ओळ विणा आणि दुसऱ्या ओळीत विणता विणताच टाके बंद करा, सैल हाताने, नाहीतर पट्टी धनुष्यासारखी वाकते. एकूण १२ ओळी, साधारण अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी होते आणि लांबी मनगटाभर.

यातली गंमत पुढे आहे. सहा रंग म्हणजे सुरुवातीची सहा आणि शेवटची सहा अशी बारा टोकं, आणि नवीन माणूस इथेच कंटाळून सुया ठेवून देतो कारण बारा टोकं सुईने आत ओवत बसणं हे विणण्यापेक्षा किचकट काम आहे. पण दोन-दोन ओळींनी रंग बदलला की सगळी बारा टोकं एकाच बाजूला येतात. ती कापू नका. प्रत्येक टोक वीतभर सोडा, चार-चार दोऱ्यांचे तीन भाग करा आणि वेणी घाला. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला क्रोशाने साखळीचा छोटा फास करा, त्यातून वेणी ओढून गाठ मारा, राखीसारखी. एक टोकसुद्धा ओवावं लागत नाही. मी ही युक्ती कुठे वाचली नाही, बसमध्ये ओवायची सुई हरवली म्हणून सुचली.

बसमध्ये म्हणजे कंपनीच्या बसमध्ये. मी अकाउंट्सला आहे, चिंचवडहून चाकणला जातो, सकाळी पन्नास मिनिटं आणि येताना ट्रॅफिक धरून सव्वा तास. माझं नव्वद टक्के विणकाम तिथेच होतं. तुम्ही विचारता वेळ कुठून काढता, तर तो काढलेला नाहीये, तो होताच, आधी मी तो मोबाईलवर घालवत होतो. घरी फक्त जोडकाम आणि मोजमाप. रात्री जेवण झालं की माझा जोडीदार दोन्ही हात पुढे करून लडी धरून बसतो आणि मी गुंडा करतो, तो हात एका लयीत डावी-उजवीकडे झुलवतो म्हणजे दोरा अडकत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नाही. बारा वर्षं झाली आम्हाला एकत्र राहून. आमच्या दिवसातली मला सगळ्यात आवडती वीस मिनिटं ती.

बसमध्ये सुरुवातीला लोक बघायचे. पुरुष माणूस आणि लोकर. पहिले दोन-तीन महिने मागच्या सीटवरून काय काय कानावर आलं ते इथे लिहीत नाही. मग कुणाच्या तरी बहिणीचं बाळंतपण आलं, आणि त्याने हळूच येऊन विचारलं की टोपडं आणि मोजे करून देशील का. मी अख्खा बाळंतविडा करून दिला, टोपडं, मोजे, छोटा स्वेटर, दुपट्याला क्रोशाची किनार. त्यानंतर तीन वर्षांत त्या बसमधल्या घरांत अकरा बाळांना माझी टोपडी गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये बसून विणत होता ते फोटो सगळीकडे फिरत होते, त्याने आपलं सुवर्णपदक ठेवायला विणलेली पिशवीसुद्धा दाखवली होती, तर त्या दिवशी चार जणांनी मला तो फोटो पाठवला, आणि एकाने खाली लिहिलं, हा पण तुझ्यासारखाच ना रे. डेली गे आहे हे जगाला माहीत आहे. मी लिहिलं, हो, दोन्ही बाबतीत. त्यावर अर्धा तास काही आलं नाही, मग आलं, बरं, आमच्या पिल्लूचा स्वेटर कधी देतोस. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की वाटतं.

मफलर करू नका म्हणालो, पण मी स्वतः केलाय, ते सांगतो, कारण तो माझ्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

आईला मी २०१५ ला सांगितलं होतं. ती साताऱ्याला असते. विणायला तिनेच शिकवलं, मी तिसरीत असताना, कावीळ झाली म्हणून महिनाभर घरी होतो तेव्हा. सांगितल्यानंतर ती ओरडली नाही, रडली नाही, पण आमचं फोनवरचं बोलणं तब्येत, पाऊस आणि लोकर एवढ्यावर येऊन थांबलं. साडेतीन वर्षं. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ बद्दलचा निकाल दिला, प्रौढ माणसांनी संमतीने ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं सांगितलं, तेव्हाही तिचा फोन आला नाही. मी त्या डिसेंबरमध्ये सहा रंगांचा मफलर घेतला विणायला, पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत निकालानंतरचा पहिला प्राइड होता त्यासाठी. निळा पट्टा विणून होत आला आणि लक्षात आलं की जांभळी लोकर पुरणार नाही. दुकानात तो शेड नव्हता. मी शनिवारी साताऱ्याला गेलो, पिशवीत सुयांसकट मफलर होता.

आईने तो बाहेर काढला. काही न विचारता टाके मोजले, हे तिचं नेहमीचंच. मग म्हणाली, "जांभळा कुठाय?"

म्हटलं, संपला. दुकानात पण नाहीये.

"कुणासाठी करतोयस?"

"माझ्यासाठीच. मुंबईला आमचा मोर्चा आहे, त्यात घ्यायला."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. शेजारच्या काकूंच्या नातीचा स्वेटर केला होता त्यातून उरलेली आणि एकदा उसवलेली जांभळी लोकर घेऊन आली आणि सुया माझ्याकडे न देता स्वतःच घेऊन बसली. म्हणाली, "तुझा हात सैल आहे. ही उसवलेली आहे, मऊ पडलीय, तू विणलीस तर लोंबेल."

ती विणत होती आणि मी बडबडत होतो, घाबरलो की मी बडबडतो. मी तिला त्या झेंड्याचं सांगितलं. गिल्बर्ट बेकर नावाच्या माणसाने १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला झेंडा केला, स्वतः शिवायला शिकलेला माणूस, तेव्हा त्यात आठ पट्टे होते, सगळ्यात वर गडद गुलाबी. मग लोक मागायला लागले तर गुलाबी कापड तेवढं मिळेना म्हणून तो पट्टा गेला, आणि पुढच्या वर्षी फिरोजी पण काढला, म्हणून आता सहा.

आई मान वर न करता म्हणाली, "दुकानात मिळत नाही म्हणून रंग सोडून द्यायचा? घरी रंगवायचा की."

म्हटलं, पहिला झेंडा हातानेच रंगवला होता गं, बरीच माणसं मिळून, मोठमोठ्या पिंपांत कापड बुडवून.

"मग बरोबर," म्हणाली.

रविवारी दुपारपर्यंत तिने तो पट्टा पुरा केला. तिचा हात घट्ट आहे त्यामुळे जांभळा पट्टा बाकीच्या पाच पट्ट्यांपेक्षा अंगठाभर अरुंद आहे, मफलर त्या टोकाला निमुळता होतो. मग तिने अख्खा मफलर उलटा केला, तिची जुनी सवय, सुलट बाजू कुणीही चांगली करतं म्हणते, आणि हिरव्या-निळ्याच्या जोडावर बोट ठेवलं. मी तिथे गाठ मारली होती. "गाठ मारायची नसते. टोचते. दोरा ओवून घ्यायचा." तिने ती गाठ सुईच्या टोकाने सोडवली, दोन्ही टोकं आपल्या हाताने ओवली आणि मफलर माझ्या हातात दिला. स्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मोर्चात पाण्याची बाटली ने."

मुंबईत उकडत होतं म्हणून मी तो उपरण्यासारखा खांद्यावरून घेतला होता. जांभळं टोक पुढे येईल असा. नंतर एका विणणाऱ्या मैत्रिणीने सुचवलं की तो शेवटचा पट्टा उसवून परत करून देते, सारखा होईल. मी तिला हात लावू दिला नाही.

विणकाम-शिवणकाम म्हणजे बायकांचं घरातलं काम, त्याचा मोर्च्याशी काय संबंध असं कुणी म्हणालं तर मी त्यांना एड्सच्या क्विल्टचं सांगतो. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच. अमेरिकेत एड्सने माणसं मरत होती, कित्येकांच्या घरचे प्रेत घ्यायला पण तयार नव्हते, तेव्हा क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने लोकांनी गेलेल्या माणसाच्या नावाचा एकेक तुकडा शिवायला घेतला, तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेसमोरच्या मैदानावर ते अंथरले तेव्हा १,९२० तुकडे होते. कुणी मित्राची जीन्स लावली होती, कुणी टेडी बेअर. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या धोतराची, साडीची गोधडी करून अंगावर घेतात, त्यामुळे मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, माझ्या आईला तर एका वाक्यात कळलं.

बरं, परत पट्टीकडे. सहा रंगांचा एकेक छोटा गुंडा घेतलात तर एक नाही, पंधरा-वीस पट्ट्या होतील. त्यामुळे एकावर थांबू नका, जमतील तेवढ्या करा आणि निदान दोन तरी जास्तीच्या जवळ ठेवा. २०१८ च्या जूनमध्ये एफसी रोडवर फुटपाथला एक मुलगा उभा होता, पाठीला कॉलेजची बॅग, आम्ही पुढे सरकलो की तोही फुटपाथवरून तेवढंच चालायचा, पण खाली रस्त्यावर उतरत नव्हता. मी जवळ जाऊन पट्टी पुढे केली. त्याने इकडेतिकडे बघितलं, पैसे किती विचारलं, म्हटलं काही नाही रे, घे. त्याने ती मनगटाला बांधली नाही, मुठीत धरली, वेणीवरून एकदा अंगठा फिरवला आणि पॅन्टच्या खिशात ठेवली, मग खिशावर हात ठेवून तो चौकापर्यंत आमच्या बाजूने चालत राहिला. तेव्हा मी वेण्या हातभर लांब ठेवायचो, त्याची वेणी खिशाच्या बाहेर लोंबत होती आणि तो ती सारखी आत ढकलत होता. म्हणून वर दोरे वीतभरच सोडा म्हणालो, त्यापेक्षा लांब नकोत, गुंडाळून ठेवली तर पट्टी खिशात पूर्ण मावली पाहिजे.