कॅल्शियम वाढलंय म्हणून दूध बंद करायचं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं कॅल्शियम 11.6 आलंय, घरातले म्हणतात दूध-दही बंद करा, तर करू का. नका करू. आधी पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन, तपासून घ्या.

आमच्या आईचं अगदी हेच झालं म्हणून लिहितोय. विट्याजवळ गाव, दावणीला दोन म्हशी, आणि ती दीड वर्ष कोरा चहा पीत होती. मुतखडा तीनदा झाला, कुळथाचं पाणी झालं, पानफुटी झाली, एकदा दुर्बिणीनं काढला, आणि थोरले चुलते आण्णा दर खेपेला वडलांना एकच सांगायचे, तिला दूध सोडायला लाव. आण्णांपुढं घरात कोण बोलणार? तिची तहान भागत नव्हती, पोट साफ होत नव्हतं, रात्री चार-चारदा उठायची, आम्ही म्हटलं वय झालं. मग न्हाणीत घसरली आणि मनगटच मोडलं. सांगलीत हाडाच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, कॅल्शियम 11.9. आण्णा म्हणाले बघा, दुधाचंच!

मिरजेत पीटीएच केलं तर 190, जे 65 च्या आत पाहिजे. कॅल्शियम वाढलं की पीटीएच खाली यायला हवं, हिचं उलट चढलेलं. थायरॉईडच्या मागं तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यातल्या एकीला साधी गाठ झालेली आणि ती हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत होती. म्हणजे दूध बंद करून आम्ही हाडांचंच नुकसान केलं. गळ्याला सुरी लावू नका म्हणून आण्णा आडवे आले, तरी ऑपरेशन केलंच. दुसऱ्या दिवशी ओठाला मुंग्या आल्या, काही आठवडे उलट कॅल्शियमच्याच गोळ्या खाव्या लागल्या, त्यानंतर आजवर खडा नाही.

आता वडिलांचं कारण वेगळंही असू शकतं. व्हिटॅमिन डी3 ची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक असते ती काहीजण रोज घेतात, बीपीच्या थायझाईड गोळीनं वाढतं, टीबीत वाढतं, कॅन्सरमध्येही वाढतं, तेव्हा पीटीएच बहुतेक कमी निघतं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), व्हिटॅमिन डी पण बघा. डी जास्त निघालं तर मात्र दूध कमी करायला सांगतील, पण ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील, चुलत्यांनी ठरवायचं नाही. बरळायला लागले, उलट्या थांबेनात किंवा आकडा 14 च्या आसपास गेला तर त्याच दिवशी ॲडमिट करा, आधी सलाईन लावतात, मग कॅल्शियम उतरवणारं झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन देतात.

आणि वडील रात्री किती वेळा लघवीला उठतात ते आजच विचारा. आमच्या आईला कुणी विचारलंच नाही.