पिस्तुलाच्या तोंडाशी धूर

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर काचेच्या चौकटीतले एक विलायती चित्र सापडले. उघड्या घोडागाडीत तरुण जोडपे बसले असून लोखंडी कठड्यापाशी उभा असलेला एक पोरगा त्यांच्यावर पिस्तूल झाडतो आहे. खाली १८४० हे साल तेवढे वाचता येते. हा प्रसंग कोणता, आणि चित्र खरोखर तितके जुने असेल का?
— एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : वर्णनावरून हा १० जून १८४० च्या संध्याकाळी लंडनमधील कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्यावर राणी व्हिक्टोरियावर झालेला हल्ला दिसतो. शेजारी आहेत ते तिचे पती प्रिन्स अल्बर्ट; त्यांच्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते आणि राणीला दिवस गेले होते. हल्लेखोर एडवर्ड ऑक्सफर्ड अवघा अठरा वर्षांचा होता. त्याने एकामागून एक दोन पिस्तुले झाडली, पण कोणालाही इजा झाली नाही. (१८३९ मध्ये पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी आपले रंगो बापूजी लंडनमध्ये ठाण मांडून होते, ते याच दशकात.)

आपल्या चित्रात पिस्तुलाच्या तोंडाशी धुराचा लोट आहे का, ते अवश्य पाहावे. पिस्तुलांत गोळ्या होत्या की नुसती दारू, यावर खटल्यात बराच खल झाला, कारण पुष्कळ शोधूनही गोळी सापडली नव्हती. अखेर वेडसर म्हणून ऑक्सफर्ड निर्दोष ठरला आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. चित्रकाराला असा घोळ परवडणारा नव्हता. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक निघाले १८४२ मध्ये, त्यामुळे त्याआधी असा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा तर लोक सुटी छापील चित्रे विकत घेत, आणि नेम थेट राणीवर धरलेला दाखवला तरच ती खपणार, हे विकणाऱ्याला ठाऊक असे.

चित्राच्या वयाचा अंदाज भिंगाने घेता येईल. शिळाछापाचे चित्र असल्यास छटांमध्ये दगडावर तेलकट खडू फिरवल्यासारखा वेडावाकडा रवा दिसेल, आणि रंग हाताने भरलेला असल्यास तो कुठेतरी रेषेबाहेर गेलेला आढळेल. याउलट ठिपके एकसारख्या ओळींत मांडलेले दिसले, तर ती फोटोवरून पुष्कळ नंतर काढलेली नक्कल समजावी. चौकट बदलायला देताना चित्राची खालची कोरी पट्टी कापू नये, असे कारागिराला आधीच बजावून ठेवा. मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असलेच, तर ते बहुधा तिथेच सापडते.