वारी, वार आणि बारी

प्रश्न आलाय तो असा: "वारी आणि यात्रा एकच ना? वारी हा शब्द संस्कृत 'वारि' म्हणजे पाणी यावरून, चंद्रभागेच्या स्नानामुळे आलाय असं ऐकलं, खरं का? आणि मी यंदा पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो, तर 'वारी केली' म्हणू शकतो का?"

आधी माझी चिडचिड ऐकून घ्या. दर आषाढात टीव्हीवर सुरू होतं, "वारी पुण्यात दाखल", "वारी आज मुक्कामी". अहो दाखल होते ती पालखी! वारी कुठे येत नाही की थांबत नाही, वारी माणूस करतो. तुकोबांच्या मुलानं, नारायणमहाराजांनी पालखी सोहळा सुरू केला तो १६८५ च्या सुमारास, आणि स्वतः तुकोबा त्याच्या आधीच म्हणून गेलेत की "पंढरीची वारी आहे माझे घरीं, आणिक न करीं तीर्थव्रत". पालखी नव्हती तेव्हाही वारी होतीच की. आणि नीट बघा, त्याच ओळीत तीर्थव्रत वेगळं आणि वारी वेगळी काढलीये, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

यात्रा 'या' म्हणजे जाणे या धातूवरून, तिचंच प्राकृत वळणाचं रूप जत्रा, विषय संपला. पाण्याची व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे पण मग कोर्टाच्या वाऱ्या करतो तिथे कुठली नदी असते? दुसरे एक पंडित लोक "पाप वारते ती वारी" सांगतात, ते कीर्तनात शोभतं, भाषेत नाही.

खरी गंमत 'वार' मध्ये आहे. वार म्हणजे खेप, पाळी. वारंवार मधला वार तोच, हिंदीतलं बार-बार तेच, आणि रविवार म्हणजे रवीची पाळी, सोमवार सोमाची, ग्रह आळीपाळीनं ड्युटीवर येतात तसं. म्हणून वारी म्हणजे नुसतं जाणं नाही, परत परत ठरल्या वेळी जाणं. आषाढी, कार्तिकी तर आहेच, पण महिन्याचे वारकरी दर शुद्ध एकादशीला पंढरपूर आणि वद्य एकादशीला आळंदी करतात, दत्ताची माणसं दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला जातात, तीही वारीच. अंत्ययात्रा म्हणतो आपण, अंत्यवारी कुणी म्हणतं का? एकदाच निघते ना ती! पेपरवाले "मुख्यमंत्र्यांची दिल्लीवारी" लिहितात ते त्यामुळे एकदम करेक्ट आहे, नकळत का होईना. आयुष्यात एकदा टूर कंपनीबरोबर गेलेल्यांची "युरोपवारी" मात्र चूक.

आता माझं लाडकं मत, हे कोशात शोधू नका. शब्द 'वारीकरी' नाहीये, 'वारकरी' आहे, वार करणारा. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि त्या दिवशी त्या घरचं पान त्याच्यासाठी वाढलेलं असायचंच. खंडोबाच्या नावानं रविवारी पाच घरं वारी मागायची चाल आहे तिथेही वार आणि पोट बरोबर आलेत बघा. मला वाटतं वारकरी म्हणजे विठोबाच्या घरी वार लावलेला माणूस. पाहुणा नव्हे, हक्काचा. त्याची वाट बघितली जाते.

आणि ही वारी संपते कुठे, तर दर्शनबारीत, म्हणजे दर्शनाच्या रांगेत! बारी म्हणजे पण पाळीच. एका जाणकारांनी मला सुनावलं की ही बारी दारावरून, खिंडीवरून आलेली, लोखंडी पाइपांमधली चिंचोळी वाट ना ती. असेल, बारी म्हणजे खिंड हा शब्द आहेच, पण मग कोकणातल्या डबलबारी भजनात कुठली खिंड आहे? दोन बुवा आळीपाळीनं गातात म्हणून बारी. यावर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्याच बारीत एकदा माझ्यापुढे एक आजोबा होते, चपला पिशवीत घालून काखेत धरलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. मी सहज विचारलं, माउली, कितवी वारी? तर म्हणाले केलेल्या कोण मोजतंय, चुकलेल्या तीन. एक बायको गेली त्या वर्षीची आणि दोन कोरोनाच्या. २०२० ला पादुकाच एसटीनं गेल्या, माणसं घरी, तरी त्यांनी ती स्वतःच्याच नावावर चुकलेली धरली होती. "वारी चुको न दे हरी" म्हणतात ते हेच, ट्रिप कॅन्सल होते, चुकते ती खेप.

हां, तुमचं पुणे-सासवड राहिलंच. दिवेघाट चढलात, छान केलंत, पण तूर्त "पालखीबरोबर चाललो" म्हणा. पुढच्या वर्षी परत दिसलात तर मग बघू.