समासातलं नाव

पत्र: बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या २०व्या अध्यायातलं हजार वर्षांचं राज्य अक्षरशः घ्यायचं का? आमचे पाळकसाहेब म्हणतात, ख्रिस्त परत आल्यावर ते सुरू होईल. पत्नी म्हणते, ते आताच चालू आहे. घरात रोज वाद. वडिलांच्या आजारपणात धाकटा भाऊ फिरकला नाही. जीवनाच्या पुस्तकात ज्याचं नाव नाही तो अग्निसरोवरात टाकला जाईल, या वचनाशेजारी समासात मी त्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. ते पाहिलं की दुष्टाईचा शेवट होणार याची खात्री पटते. कोणाचं बरोबर?

उत्तर: हजार वर्षांचा वाद तुमच्या घरात मिटणार नाही. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस पृथ्वीवरच्या खऱ्याखुऱ्या राज्याची वाट पाहत होता. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने त्याच ओळींत मंडळीचा, म्हणजे चर्चचा, चालू काळ पाहिला. दोघेही श्रद्धेनेच वाचत होते. पत्नीशी भांडण आजच थांबवा.

मला राग आला तो त्या पेन्सिलीचा. त्या वचनात जीवनाच्या पुस्तकाचा उल्लेख आहे आणि ते पुस्तक कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं आहे. त्यात कोण आहे, कोण नाही, हे तुम्हाला कोणी विचारलं? पाचवा अध्याय पुन्हा वाचा. शिक्के फोडून गुंडाळी उघडायला स्वर्गात किंवा पृथ्वीवर कोणीही योग्य सापडला नाही, म्हणून हा दृष्टान्त पाहणारा योहान रडला. सिंह जिंकला असं त्याला सांगितलं, आणि समोर उभा होता वधलेला कोकरा. या ग्रंथात दुष्टाचा पराभव करणारा तो आहे! तुम्ही मात्र त्याच्या विजयात आपला जुना हिशेब चुकता करून घ्यायला निघालात.

आता १२वा अध्याय. सैतान खाली टाकला जातो तेव्हा स्वर्गातली वाणी त्याची ओळख काय सांगते? आपल्या बंधूंवर देवापुढे रात्रंदिवस दोषारोप करणारा. तुम्ही रोज बायबल उघडून स्वतःच्या भावाशी हेच करताय. हे मला मऊ शब्दांत सांगता येणार नाही.

आज रात्रीच ते नाव खोडा आणि भावाला फोन लावा. वडिलांच्या वेळी का आला नाहीस, असा जाब विचारायचा असेल तर खुशाल विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण त्यालाच विचारा, आणि तो उत्तर देईल तेव्हा मध्येच एकही वचन म्हणू नका.